किनाऱ्यावरचा हिवाळा

मुंबईला हिवाळा नसतो, असं म्हणणाऱ्या माणसाला जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सात वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आणून बसवावं. सूर्य नुकता कुठे उगवू पाहत असतो, कारण मुंबईत वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमाराला होतो. आजोबांच्या डोक्यावर माकडटोपी असते, आजींच्या साडीवर स्वेटर असतो आणि पांढऱ्या कपड्यांतली मुलं नेटमध्ये चेंडू टाकायला लागलेली असतात. ही थंडी पुणे-नाशिकसारखी बोचत नाही. ती माणसाला घराबाहेर काढते, चालवते, भूक लावते.

तरीही हिवाळ्याची सुट्टी म्हटली की आपल्याला महाबळेश्वर-माथेरान आठवतं आणि समुद्रकिनारा आपण मे महिन्यासाठी राखून ठेवतो. शाळेच्या सुट्ट्यांनी लावलेली ही सवय आहे. हवेचा हिशेब केला तर मे महिन्यात किनारा घामाने भिजलेला असतो आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे किनाऱ्याचे खरे दिवस. ते कसे घडतात आणि कसे उपभोगावेत, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी दादरचा शिवाजी पार्क आणि त्याच्या पाठीमागची चौपाटी ही जागा निवडली आहे, कारण मैदान आणि समुद्र इतक्या जवळ, आणि तेही सर्वांसाठी विनामूल्य, मुंबईत फार थोड्या ठिकाणी आहेत.

समुद्र थंडी कशी सांभाळतो

हवामान खात्याच्या मुंबईत दोन जुन्या वेधशाळा आहेत, एक कुलाब्याला आणि दुसरी सांताक्रूझला. हिवाळ्यात रोज रात्रीच्या बातम्यांत या दोघींचे आकडे वेगळे येतात. जानेवारीत सांताक्रूझचं किमान तापमान सरासरी १६ ते १७ अंशांच्या आसपास असतं, तर कुलाब्याचं १९च्या आसपास. अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचं, पण कुलाबा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. २२ जानेवारी १९६२ हा मुंबईच्या नोंदींतला सगळ्यात थंड दिवस. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, कुलाब्याला मात्र ११.७. एकाच शहरात, एकाच पहाटे चार अंशांहून जास्त फरक पडला, तो समुद्राने पाडला.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. जमिनीचा वरचा पातळ थर दिवसा चटकन तापतो आणि रात्री उष्णता सोडून गार पडतो. समुद्रात लाटांमुळे खालचं-वरचं पाणी मिसळत राहतं, त्यामुळे उष्णता बरीच खोलवर साठते. जानेवारीतही मुंबईजवळच्या समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. पहाटे जमीन १७ अंशांवर उतरलेली असताना पाणी तिच्यापेक्षा उबदार असतं, आणि किनाऱ्याजवळच्या वस्तीला त्या उबेचा वाटा मिळतो. हवामान खात्याची व्याख्याही हे मान्य करते. मैदानी भागात थंडीची लाट मोजताना किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरावं लागतं, किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी मात्र १५ अंशांची मर्यादा धरतात.

मुंबईला थंडी येते ती उत्तरेकडून. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले, की त्यांच्या मागून थंड, कोरडे वारे राजस्थान-गुजरात ओलांडून कोकणात उतरतात. ते जोरात असतील तर दुपारही सुखाची जाते. ते मंदावले आणि पूर्वेचे वारे सुरू झाले, तर समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि भर जानेवारीत पारा ३५कडे जाऊ लागतो. म्हणून हिवाळ्यातला किनारा उपभोगायचा तर आधी वाऱ्याची दिशा पाहायला शिकावं.

औषध म्हणून समुद्र

समुद्रकाठी सुट्टी घालवायची कल्पना आजच्या स्वरूपात इंग्लंडमध्ये रुजली, आणि तिची सुरुवात थंडीतच झाली हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५०मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी प्यावं आणि त्यात बुचकळ्या माराव्यात, असा त्याचा सल्ला होता. पाणी जितकं गार तितका गुण जास्त, अशी तेव्हाची समजूत. त्यामुळे रोगी शरद-हिवाळ्यात, तेही पहाटे, पाण्यात उतरत. कादंबरीकार फॅनी बर्नी हिने १७८२च्या नोव्हेंबरात ब्रायटनला सकाळी सहा वाजता, सूर्य उगवण्याआधी समुद्रस्नान केल्याचं लिहून ठेवलं आहे. तिथल्या समुद्राचं पाणी आजही फेब्रुवारीत ८-९ अंशांवर येतं, यावरून त्या स्नानाची कल्पना करावी.

याच ब्रायटनमध्ये एका भारतीयाने मोठं नाव कमावलं. पाटण्यात १७५९मध्ये जन्मलेला शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातून आयर्लंडला आणि पुढे इंग्लंडला गेला. ब्रायटनला त्याने वाफेची स्नानगृहं काढली. औषधी वनस्पतींची वाफ आणि त्यावर मालिश असा त्याचा उपचार होता. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपल्या पदरी नेमलं. थंडीने आखडलेल्या इंग्रजांच्या अंगाला आपल्याकडच्या मालिशने आराम पडला, ही त्या किनाऱ्याच्या इतिहासातली आपल्याशी जोडलेली गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकात भर थंड पाण्यावरून हवेवर सरकला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची टॉर्की आणि बोर्नमथ ही गावं 'हिवाळी मुक्कामाची ठिकाणं' म्हणून वाढली. उत्तरेच्या वाऱ्यांना टेकड्यांचा आडोसा, अटलांटिकच्या उबदार प्रवाहाची साथ आणि बोर्नमथला तर पाइनच्या झाडांचा वास. क्षयाच्या रोग्यांना डॉक्टर तिकडे धाडत. १८५५मध्ये बोर्नमथला छातीच्या रोगांसाठी आरोग्यधाम सुरू झालं. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८४ ते १८८७ तिथे राहिला तो आपल्या फुप्फुसांसाठीच. याच शतकात रेल्वे आली, १८७१च्या कायद्याने बँकांना आणि त्यामागून कामगारांना सुट्ट्या मिळाल्या, आणि किनारा उन्हाळ्यातल्या गर्दीचा झाला. हिवाळ्यात लोकांनी पाठ फिरवली तेव्हा ब्लॅकपूलने १८७९मध्ये विजेचे दिवे लावून त्यांना अंधाऱ्या दिवसांतही बोलावलं. डिसेंबरात तिथे सूर्य चारच्या आत मावळतो आणि दिवस आठ तासांहूनही कमी असतो. आपल्याकडे सगळ्यात छोटा दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो.

मुंबईतल्या इंग्रजांनी ही दृष्टी सोबत आणली होती. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं बिऱ्हाड ऋतूप्रमाणे फिरत असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई. राज्यकर्त्यांच्या लेखी मुंबई हीच हिवाळ्यातल्या समुद्रकाठाची जागा होती. राजघराण्यातले पाहुणेही याच दिवसांत यायचे. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५च्या नोव्हेंबरात आला, पाचवा जॉर्ज १९११च्या डिसेंबरात. या हवेचा उपभोग मलबार पॉइंटवरच्या बंगल्यांना होता. गिरगाव-मांडवीच्या चाळींत कोंदट खोल्यांतून राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो कसा आला, त्याची कहाणी प्लेगपासून सुरू होते.

प्लेगनंतरची मोकळी हवा

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहर रिकामं व्हायला लागलं, गिरण्या ओस पडल्या. १८९८मध्ये सरकारने मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. रोग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे शास्त्रज्ञांना तेव्हा नुकतं कुठे उमगू लागलं होतं. शहर आखणाऱ्यांचा भरवसा मात्र वाऱ्यावर होता. समुद्रावरची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पूर्व-पश्चिम कापले गेले. आणि शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंग्याच्या शेतांवर आणि माडांच्या वाड्यांवर, रुंद रस्ते, बागा आणि मोकळ्या जागा असलेल्या वसाहती आखल्या गेल्या.

शिवाजी पार्क या विचाराचं फळ आहे. १९२५मध्ये महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदान सुमारे २८ एकरांचं, भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी. पुढच्या वीसएक वर्षांत भोवती दोन-तीन मजल्यांच्या, गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबं राहायला आली. गॅलरी समुद्राकडे किंवा मैदानाकडे उघडणार, वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून जाणार, हा त्या घरांचा मुख्य गुण होता. इंग्लंडमध्ये श्रीमंत रोग्याला पैसे मोजून जी हवा मिळत होती, ती इथे कारकून-शिक्षकांच्या मुलांना रोज संध्याकाळी खेळायला मिळाली. या मैदानाचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं ते यासाठी.

सकाळ मैदानावर

हिवाळ्यातला दिवस इथे दोन वाऱ्यांत विभागलेला असतो. पहाटे जमीन गार आणि समुद्र उबदार, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. तो कोरडा असतो. त्यामुळे सकाळच्या चालण्यात घाम येत नाही आणि दम लवकर लागत नाही. दुपारी जमीन तापली की खेळ उलटतो आणि समुद्रावरून दमट, गार वारा आत येतो. कट्ट्यावर बसणाऱ्यांना ही वेळ अंगावर कळते. झाडांची पानं आधी थबकतात, मग पश्चिमेकडून हलू लागतात.

क्रिकेटला हाच ऋतू मानवतो. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चिखलात होतात. हिवाळ्यात खेळपट्टी कोरडी, दिवस कोरडे, आणि सकाळच्या दवाने चेंडू थोडा वळतोही. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे यांना घडवलं. त्याआधी अजित वाडेकर आणि संदीप पाटील यांच्या पिढ्या इथे खेळल्या. मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिरात मुलं-मुली मल्लखांबावर लीलया उलटी होतात. २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच शिवाजी पार्कात भरली होती. पोहायचं असेल तर महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव जवळच आहे. चौपाटीवर मात्र पाण्यात उतरू नये. मिठी नदी माहीमच्या खाडीतून याच उपसागरात शहराचं सांडपाणी आणते.

सकाळची फेरी संपली की भूक लागते आणि दादरमध्ये तिची सोय चोख आहे. 'प्रकाश' उपाहारगृहातला साबुदाणा वडा आणि पियुष, कुणाच्या घरी बाजरीची गरम भाकरी, लसणीची चटणी आणि लोणी. मासे खाणाऱ्यांसाठीही हे दिवस सुखाचे. शांत समुद्रामुळे होड्या नियमित जातात आणि बाजारात पापलेट, सुरमई, बांगडा, मांदेली ताजी मिळते.

संध्याकाळी तिथी पाहावी

चौपाटीवर कधी जावं, हे कोकणातल्या जुन्या माणसांना कॅलेंडरवरून सांगता येत असे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याला पाऊणने गुणावं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं आणि त्यांच्या मध्यावर ओहोटी. गणित ढोबळ आहे, पण मुंबईला लागू पडतं.

त्यावरून सुट्टीची आखणी करता येते. अष्टमीच्या संध्याकाळी दादर चौपाटीवर जाल तर पाणी भिंतीजवळ आलेलं असेल. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या संध्याकाळी गेलात तर पाचसहाच्या सुमाराला ओहोटी असते, आणि तीही उधाणाची, त्यामुळे पाणी खूप मागे जातं. पौर्णिमा असेल तर समोर सूर्य बुडत असताना पाठीमागे दादरच्या इमारतींवर चंद्र उगवतो. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सूर्य वर्षातला सगळ्यात लवकर, सहाच्या सुमाराला मावळतो. डिसेंबरात तो डाव्या हाताला, वरळीच्या बाजूला सरकलेला असतो. जूनमध्ये तोच उजवीकडे, वांद्र्याच्या बाजूला गेलेला दिसेल. २००९मध्ये सुरू झालेला सागरी सेतू या दोन टोकांना जोडतो, त्यामुळे सूर्याचा वर्षभराचा प्रवास त्याच्या खांबांवरून मोजता येतो. मुलांना पृथ्वीच्या कललेल्या आसाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही.

हिवाळ्यात पुळणही रुंद होते. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून आत नेतात, हिवाळ्यातल्या मंद लाटा तीच थोडी थोडी परत आणून टाकतात. दादर-माहीमचा किनारा गेल्या काही दशकांत खूप झिजला आहे, म्हणून इथे हा फरक मोजका दिसतो. पण ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळाभोवती रचलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी मात्र हमखास दिसते.

आणि दिसतात ते पाहुणे पक्षी. नोव्हेंबरापासून किनाऱ्यावर कुरव येतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतो आणि थंडी काढायला आपल्याकडे उतरतो. नाव ऐकून तपकिरी डोकं शोधू नका. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका. मार्चमध्ये परतायच्या आधी डोकं पुन्हा रंगू लागतं. त्यांना शेव-गाठ्या टाकायचा मोह आवरावा. तळलेलं, खारट पीठ त्यांच्या पोटाला मानवत नाही. लहान मासे आणि किनाऱ्यावरचे जीव हा त्यांचा आहार आहे, आणि तो मिळवायला ते समर्थ आहेत.

सहा डिसेंबर

या किनाऱ्याचा हिवाळा चैत्यभूमीशिवाय सांगता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ला महापरिनिर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. १९७१च्या डिसेंबरात तिथला स्तूप लोकांना खुला झाला. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भ-मराठवाड्यातून आणि देशभरातून लाखो माणसं इथे येतात, शिवाजी पार्कच्या मंडपांत मुक्काम करतात, पहाटेपासून रांगेत उभी राहतात. ते येतात अभिवादनासाठी. अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसतो तो याच दिवशी. परतताना त्यांच्या पिशव्यांत पुस्तकं असतात, कारण त्या दिवसांत मैदानाभोवती पुस्तकांचा फार मोठा बाजार भरतो. सुट्टी घेऊन या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाने त्या आठवड्यात एकदा तिथून चालत जावं आणि एक पुस्तक विकत घ्यावं. सार्वजनिक मैदान कशासाठी असतं, ते तिथे समजतं.

धुरकं, धूळ आणि बोट

हिवाळ्याच्या हवेची दुसरी बाजूही माहीत हवी. गार रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची उबदार राहते. मग खालची हवा वर उठत नाही, आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ तिथेच अडकून धुरकं साचतं. वारा मंद असला की ते दिवसभर हटत नाही. शिवाजी पार्कात त्यात मैदानावरच्या लाल मातीची भर पडते. कोरड्या दिवसांत ती उडून भोवतीच्या घरांत जाते, म्हणून रहिवासी गेली काही वर्षं पाणी शिंपडण्याची आणि गवत लावण्याची मागणी करत आले आहेत. दम्याच्या रुग्णांनी धुरक्याच्या सकाळी फेरी टाळावी आणि समुद्राचा वारा सुटल्यावर, दुपारनंतर बाहेर पडावं.

दोन दिवस हाताशी असतील तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट पकडावी. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने घट्ट भरून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. वाल हे भातानंतरच्या ओलाव्यावर येणारं हिवाळी पीक, म्हणून पोपटी या ऋतूतच होते.

इंग्लंडला हिवाळ्यातला किनारा सुसह्य करण्यासाठी आरोग्यधामं बांधावी लागली, दिव्यांच्या माळा लावाव्या लागल्या. आपल्याला निसर्गाने सौम्य थंडी, कोरडी सकाळ आणि अकरा तासांचा दिवस आयता दिला आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्याचा लाभ सर्वांना मिळावा म्हणून २८ एकर जमीन मोकळी सोडली. आज त्या मैदानाभोवतीच्या जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे उठत आहेत. त्यांची आखणी करताना वाऱ्याला वाट ठेवावी, मैदानावर गवत टिकवावं आणि नाल्याचं पाणी शुद्ध करूनच समुद्रात सोडावं. यासाठी नागरिकांनी महापालिकेच्या मागे लागणं, हाही किनाऱ्यावर प्रेम करण्याचा भाग आहे. येत्या नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन इथे या, त्यांना तिथीवरून भरती काढायला शिकवा आणि वारा कुठून येतो ते विचारा. ज्यांना हा किनारा ओळखता येईल, तेच पुढे तो राखण्यासाठी उभे राहतील.